दत्तक घेताना पैशांची सोय

जय ख्रिस्त ताई. पूर्वी आपल्या ख्रिस्ती लोकांना १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली मुलाचं फक्त पालकत्व मिळायचं. आता बाल न्याय कायदा, २०१५ नुसार कोणत्याही धर्माच्या जोडप्याला रीतसर दत्तक घेता येतं. नोंदणी थेट 'कारा'च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, पोर्टलवर करा. गृह अध्ययन अहवालाचं (घरी येऊन केलेल्या पाहणीचा अहवाल) आणि दत्तक संस्थेचं शुल्क ठरलेलं असतं. त्यावर कुणी 'देणगी' मागितली तर एक रुपयाही देऊ नका, सरळ तक्रार करा. हात आखडतो तो पुढेच. बाळ सुचवल्यावर ४८ तासांत ते आपल्यासाठी राखून ठेवायचं, आणि बाळ परराज्यातलं असेल तर लगोलग तिकिटं, मुक्काम, तपासण्या. म्हणून आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांशी आत्ताच बोला. मंडळीच्या मदतनिधीतून हातभार मागायला कसला आलाय संकोच? पतपेढीचं कर्ज मात्र अगदीच अडलं तर.