एकोणीस इंची चाकं आणि आपला रस्ता
(वाचकांचे प्रश्न : गाडीची चाकं, टायर आणि अलाइनमेंट)

प्रश्न : मी सावद्याचा, केळीच्या व्यापारात आहे. मागच्या दिवाळीला जुनी मर्सिडीज सी-क्लास घेतली, २०१७ चं मॉडेल. टायर २२५/५० आर १७, त्यावर पुढे ९४ डब्ल्यू लिहिलेलं आहे. चारही आता बदलायला आले. मुलगा म्हणतो, टायर बदलतोच आहोत तर १९ इंची काळे अलॉय टाकू. सुरतेच्या एका दुकानदाराने साडेआठ इंच रुंदीचा, ईटी ३५ चा सेट आणि २३५/३५ आर १९ टायर सुचवले आहेत. गाडी रोज सावदा–भुसावळ, आठवड्यातून बऱ्हाणपूर, कधी मुंबई. मागे आई-वडील बसतात. घ्यावं का?

उत्तर : भाऊ, १९ घेऊ नका. मुलाला १८ पर्यंत राजी करा. असं का म्हणतो ते आकड्यांनी सांगतो, म्हणजे घरी तुम्हालाही सांगता येईल.

टायरवरचा दुसरा आकडा म्हणजे साइडवॉलची उंची, रुंदीच्या टक्क्यात. तुमच्या टायरची रुंदी २२५ मिलिमीटर, त्याचे ५० टक्के म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये ११२ मिलिमीटरचं रबर आहे. सुचवलेल्या २३५/३५ मध्ये ते ८२ मिलिमीटर उरतं. तीन सेंटिमीटर गेले. खड्ड्याची कड लागली की धक्का आधी हे रबर पितं. ते कमी असलं की टायर रिम आणि खड्डा यांच्यात चेपला जातो, आतले धागे तुटतात आणि दोन-चार दिवसांनी बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो. अलॉयची आतली कड वाकली तर ते वेगळंच. माझ्याकडे १९ इंची चाकं घेऊन येणाऱ्या बहुतेक गाड्यांची रिम आतून वाकलेली असते, मालक मात्र बाहेरची चकाकी पाहून खूश असतो. सावदा–भुसावळ रस्त्यावर केळीचे ट्रक, ऊस-कापसाच्या ट्रॉल्या, कडेला तुटलेलं डांबर आणि रंग उडालेले गतिरोधक. हे मला तुम्हाला सांगायची गरज नाही.

त्याहून मोठी गोष्ट बहुतेक दुकानदार सांगत नाहीत, ती म्हणजे लोड इंडेक्स. तुमच्या टायरवरचा ९४ म्हणजे एक टायर ६७० किलो पेलतो. २३५/३५ आर १९ या मापात सहसा ९१ मिळतो, तोही एक्स्ट्रा लोडचा (जास्त वजन पेलणाऱ्या मजबूत बांधणीचा), म्हणजे ६१५ किलो. चाकामागे ५५ किलो कमी, चार चाकांना २२०. मागे आई-वडील, डिकीत सामान, मे महिन्यात ४५ अंशांचं ऊन आणि महामार्गावर १००चा वेग. अशा वेळी टायरच्या ताकदीत काटकसर कशाला करायची? माझा नियम पक्का आहे : नव्या टायरचा लोड इंडेक्स जुन्याइतका किंवा जास्त, कमी कधीच नाही. पुढचं अक्षर वेगाचं. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किमी, व्ही म्हणजे २४०. तुम्ही तेवढ्या वेगाने जाणार नाही हे खरं, पण हे अक्षर उष्णता सोसण्याची क्षमताही दाखवतं, म्हणून खाली उतरू नका.

आता १८ इंचाचं. २२५/४५ आर १८ घ्या, पण एक्स्ट्रा लोडवालाच, ज्यावर ९५ लिहिलेलं असतं. तो ६९० किलो पेलतो. साइडवॉल १०१ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटर गेलं. चाकाचा एकूण व्यास मूळचा ६५७, नवा ६६० मिलिमीटर. स्पीडोमीटर, एबीएस कशालाच फरक जाणवणार नाही. गाडी कमानीत भरलेली दिसेल. मुलाचं मनही राखलं जाईल. पैसे देण्याआधी हँडबुकात किंवा पेट्रोल-डिझेलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर हे माप तुमच्या मॉडेलला दिलेलं आहे का ते बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाबाहेर गाडीत बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. मापात राहिलात तर विम्याच्या सर्व्हेअरपुढेही मान वर राहते. नवे अलॉय बसवले की विमा कंपनीला लेखी कळवा.

काही दुकानदार पुढे २२५/४५ आणि मागे २४५/४० असा सेट देतील. दिसायला भारी, कंपनीही काही मॉडेलना तसा देते. पण मग पुढचे-मागचे टायर आलटून पालटून घालता येत नाहीत आणि मागचे लवकर झिजतात. तुमच्या रोजच्या धावेला चारही सारखे बरे.

ईटी ३५ बद्दल. ईटी म्हणजे रिमच्या मध्यापासून हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेर आहे ते. आकडा कमी झाला की चाक बाहेर सरकतं. समजा मूळ रिम साडेसात इंच, ईटी ४५ ची आहे. तिथे साडेआठ इंच, ईटी ३५ ची टाकली तर बाहेरची कड जवळपास २३ मिलिमीटर बाहेर येते. चार माणसं बसली, गाडी दबली की टायर मडगार्डला घासायला लागतो, चिखल दरवाजांवर उडतो आणि बेअरिंगवर ताण येतो तो वेगळाच. तुमच्या मूळ रिमच्या आतल्या बाजूला रुंदी आणि ईटी दोन्ही कोरलेले असतात. चाक काढून फोटो काढा, तोच फोटो दुकानदाराला दाखवा आणि त्याच्या जवळपासचाच सेट मागा.

मर्सिडीजला पाच बोल्ट, पीसीडी (बोल्टच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) ११२ आणि मधलं भोक ६६.६ मिलिमीटर. नव्या रिमचं भोक त्याहून मोठं असलं तर मधली पोकळी भरायला हब रिंग लागते. नाहीतर ८०-९०च्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं आणि लोक उगाच बॅलन्सिंगला पैसे घालत बसतात. बोल्टकडे स्वतः लक्ष द्या. कंपनीच्या बोल्टचं बूड गोल असतं, बाहेरच्या बहुतेक अलॉयना निमुळतं लागतं. गोल बुडाचा बोल्ट निमुळत्या खाचेत घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण तो कडेवर टेकलेला असतो आणि धावता धावता सैल होतो. अलॉयसोबत त्याचेच बोल्ट घ्या, टॉर्क रेंचने (मोजून आवळणाऱ्या पान्याने) हँडबुकात दिलेल्या मापाने आवळून घ्या आणि शंभरेक किलोमीटरने पुन्हा तपासा. इम्पॅक्ट गनने आवळून देणाऱ्याला तिथेच थांबवा.

स्वस्तातली हुबेहूब नक्कल घेऊ नका. रिमवर जेडब्ल्यूएल (जपानी) किंवा टीयूव्ही (जर्मन) या चाचणीची खूण आणि एका चाकाने पेलायचं वजन किलोत कोरलेलं असावं. टायरवर आयएसआय बघा आणि चार आकडी तारीख बघा. २३२५ म्हणजे २०२५ च्या २३व्या आठवड्यात बनलेला. दोन वर्षं गोदामात पडलेला टायर नव्याच्या भावात घ्यायचा नाही.

हवा सकाळी, गाडी थंड असताना, स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे. दुपारी बऱ्हाणपूरहून येऊन मोजली तर ती चार-पाच पीएसआय जास्त दिसणारच, ती कमी करू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टायर फुटतात ते बहुधा कमी हवेने. साइडवॉल सारखी दबते, उठते, आतून तापत जाते आणि एका क्षणी सोडून देते.

प्रश्न : मी धुळ्यात वकिली करते. बीएमडब्ल्यू ३ सिरीज, २०१४ ची. रनफ्लॅट टायर कडक आहेत, कंबर दुखते. साधे टायर घालावेत का? नाशिकला महिन्यातून बऱ्याचदा एकटी जाते, परतताना रात्र होते.

उत्तर : ताई, कडक आहेत हे खरं. हवा गेल्यावरही गाडी उभी राहावी म्हणून त्यांची साइडवॉल जाड असते. त्याच रिमवर साधे टायर बसतात आणि गाडी चालवायला नक्की मऊ होते. पण तुमच्या गाडीत स्टेपनीची जागाच नाही. रात्री राहुड घाटात किंवा लळिंगजवळ चाक बसलं तर रनफ्लॅटवर तुम्ही ८० किमीच्या वेगाने साधारण ८० किलोमीटर जाऊ शकता. म्हणजे घाटातून निघून मालेगाव किंवा धुळं गाठता येतं, अंधारात कडेला थांबावं लागत नाही. एकट्या प्रवासात मी हे सोडणार नाही. जुने टायर झिजलेत, कडकही झालेत, तर नवे रनफ्लॅट घ्या. आताच्या पिढीचे बरेच मऊ आहेत. हवाही तपासा, कारण अनेक ठिकाणी सवयीने सगळ्या गाड्यांत सारखीच जास्त भरतात.

गाडी घरात दुसरं कोणी जास्त वापरणार असेल, दिवसाच जाणार असेल, तर साधे चालतील. मग चारही साधे, मिसळायचे नाहीत. डिकीत १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर, पंक्चरचं किट आणि स्टेपनी पट्ट्याने बांधून. सीलंटची बाटली छोट्या खिळ्याला पुरते, साइडवॉल कापली गेली तर तिचा उपयोग नाही.

प्रश्न : जळगावहून. मित्राच्या जुन्या बीएमडब्ल्यूचे अलॉय स्वस्तात मिळाले, पीसीडी १२०. माझी ऑडी ए-४ आहे, पीसीडी ११२. एमआयडीसीत लेथवर अडॅप्टर, म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये बसणारी चकती, बनवून देतो म्हणतात. भाऊ, गाडी उठून दिसाले पाहिजे एवढंच!

उत्तर : बसवू नका भाऊ. लेथवर कापलेल्या त्या चकतीवर तुमच्या गाडीचं अख्खं चाक लटकणार. ती कुठल्या ग्रेडच्या अॅल्युमिनियमची, तिचे स्टड कुठून आले, हे कोणी लिहून देणार नाही. अडॅप्टरची जाडी जेवढी, तेवढं चाक बाहेर येतं. त्यात बीएमडब्ल्यूच्या रिमचं मधलं भोक ७२.६ मिलिमीटर, तुमच्या ऑडीचा हब ६६.५ चा. एवढी पोकळी, दोन ठिकाणचे बोल्ट आणि औट्रम घाट. भोकं मोठी करून ‘बसवून टाकतो’ म्हणणाऱ्याकडेही जाऊ नका.

रिम चांगल्या असतील तर १२० पीसीडीची बीएमडब्ल्यू असणारा गिऱ्हाईक शोधून विका. विकण्याआधी आतली बाजू रॉकेलच्या फडक्याने पुसून उन्हात बघा. केसासारखी रेघ दिसली किंवा वेल्डिंगचा डाग दिसला, तर ती रिम कोणालाही देऊ नका, भंगारात टाका. त्या पैशात थोडी भर घालून ११२ पीसीडीचा सेट घ्या, टायरचं माप तुमच्या दरवाज्यावरच्या स्टिकरवर आहे.