'म्युनिसिपालिते' म्हणजे नगरपालिका नव्हे

प्रश्न असा : स्वित्झर्लंडच्या व्हो कँटनमधल्या (कँटन म्हणजे तिथले राज्य) रिव्हा या सरोवराकाठच्या गावाची माहिती मराठीत लिहिताना 'कम्युन' आणि 'म्युनिसिपालिते' या दोन्ही फ्रेंच शब्दांना 'नगरपालिका' म्हटले तर चालेल का?

नाही चालणार. नगरपालिका म्हटले की मुख्याधिकारी, वॉर्ड, घंटागाड्या डोळ्यांपुढे येतात. आपल्याकडे नगरपरिषदेला पंचवीस हजारांवर वस्ती लागते. रिव्हा भरते जेमतेम ०.३१ चौ. किमी, वस्ती काही शेकड्यांची, आणि द्राक्षमळ्यांच्या दगडी ताली पार लेमान (जिनिव्हा) सरोवरापर्यंत उतरलेल्या.

'कम्युन' म्हणजे हद्दीसकट अख्खे गाव. 'म्युनिसिपालिते' म्हणजे त्या गावाचा कारभार पाहणारे, पाच वर्षांसाठी निवडलेले ३, ५, ७ किंवा ९ जणांचे मंडळ. म्हणून 'ला म्युनिसिपालिते आ देसिदे' याचे 'पंचायतीने ठरवले' करा आणि 'तेरितुआर कम्युनाल'चे 'गावाची हद्द'. उलटापालट झाली की पंचायतीतच द्राक्षे पिकू लागतात! मंडळाचा प्रमुख 'सँदिक', त्याला सरपंच म्हणायला हरकत नाही.

हजारापर्यंत वस्तीच्या गावांत सहसा 'काँसेय जेनेराल' असते. ग्रामसभा हा शब्द जवळचा, पण दोन फरक एखाद्या वाक्यात सांगून टाका. मतदारयादीत नाव असून भागत नाही, शपथ घेऊन सभासद व्हावे लागते. शिवाय सभेचा अध्यक्ष सँदिकहून वेगळा असतो. हजारावर वस्ती गेली की निवडून आलेले 'काँसेय कम्युनाल' येते.

खरी गंमत शेजारच्या फ्रिबूर कँटनमध्ये आहे. तिथे 'काँसेय कम्युनाल' हेच कारभारी मंडळ, आणि 'काँसेय जेनेराल' हे निवडून आलेले सभागृह. तेव्हा आधी कँटन बघा, मग शब्द ठरवा. कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेकमध्ये तर 'म्युनिसिपालिते' म्हणजे खुद्द ते गाव, आणि प्रमुख 'मेर'.

गावाचे नाव (Rivaz) 'रिव्हाझ' लिहू नका, शेवटचा झेड मुका आहे.

'प्रेआव्ही' हा शब्दही हमखास फसवतो. एरवी फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ संपाची किंवा नोकरी सोडण्याची पूर्वसूचना. व्होमध्ये मात्र 'प्रेआव्ही म्युनिसिपाल' म्हणजे पंचायतीने खर्चाच्या तपशिलासह सभेपुढे मंजुरीसाठी ठेवलेला लेखी प्रस्ताव. 'पूर्वसूचना' केलेत, तर पंचायत नुसते कळवून, समजा जलवाहिनीवर, पैसे खर्च करून मोकळी झाली, असाच अर्थ निघेल.