फोनवरची साखर किती खरी?

प्रश्न : माझे वय ५४, उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ७८ किलो आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड चालू असून गेल्या तपासणीत एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा) ८.१ आले. मुलाने बोटाला न टोचता साखर दाखवणारे घड्याळ आणून दिले आहे, शिवाय पावले आणि कॅलरी मोजणारे ॲपही फोनवर घालून दिले आहे. दहा हजार पावले काही होत नाहीत आणि ॲपमध्ये भाकरी कशी मोजावी तेही कळत नाही. या साधनांवर किती विसंबावे? – एक वाचक, बार्शी

उत्तर : आधी घड्याळाविषयी. त्वचेला न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा जाहीर इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. त्यामुळे त्यावरच्या आकड्यावरून गोळी कमीजास्त करू नये. वेळ पाहण्यासाठी ते खुशाल वापरावे. दंडावर चिकटवायचा सेन्सर मात्र निराळा. त्याचा बारीक तंतू त्वचेखाली जातो आणि तेथील द्रवातली साखर मोजतो, म्हणून त्याचा आकडा रक्तातल्या साखरेच्या काही मिनिटे मागे असतो. डॉक्टरांना गरज वाटल्यास तो एखाद्या वेळी लावून पाहता येईल, पण दर महिन्याला तो खर्च करण्याचे कारण आपल्या बाबतीत मला दिसत नाही.

आपल्याला खरा उपयोग होईल तो बोटाला टोचून रक्तातली साखर दाखवणाऱ्या साध्या ग्लुकोमीटरचा आणि फोनमधल्या नोंदींचा. अनेक रुग्ण महिनोन् महिने फक्त उपाशीपोटीची साखर लिहून आणतात आणि त्यावरून कोणत्या जेवणाने घोटाळा केला हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. त्याऐवजी आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी वेगळे जेवण निवडून, जेवणापूर्वी आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी अशी जोडीने साखर तपासावी, आणि ताटाचा फोटो त्याच नोंदीला जोडावा. पोह्यांपूर्वी १३० आणि नंतर २४० असे आकडे शेजारी दिसले, तर पोह्यांचे प्रमाण निम्मे करून सोबत मोडाची उसळ घ्यावी व पुन्हा मोजावे. जेवणानंतरची साखर १८० च्या आत राहावी, असे साधारण उद्दिष्ट असते. तपासण्यापूर्वी हात धुवावेत. आमरसाचे बोट पट्टीला लागले, तर आकडा उगाच चढतो.

ॲपमधली ‘एक भाकरी’ कोणाच्या घरची, हे ॲपलाही ठाऊक नसते. आपल्या एका भाकरीला लागणारे पीठ एकदा तोलून पाहावे. ज्वारीच्या ५० ग्रॅम पिठातून साधारण १७० कॅलरी मिळतात, हे धरून पुढचा हिशेब बसवता येतो. फोडणीचे तेल मात्र ॲपमध्ये लिहायचे हमखास राहून जाते.

दहा हजार पावलांचा आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला. तो मधुमेहाच्या संशोधनातून आलेला नाही. आपली आत्ताची सरासरी पाहून त्यात हजार पावलांची भर घालावी आणि ती अंगवळणी पडली की आणखी वाढवावी. आपला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, ३१ च्या पुढे आहे आणि भारतीयांमध्ये २५ पासूनच लठ्ठपणा धरतात. तरीही पहिले लक्ष्य चार-पाच किलोंचेच असू द्यावे.

फोनमुळे खरोखर फरक पडतो का, अशी शंका आपल्या मनात असेल. दक्षिण भारतात मधुमेहाचा धोका असलेल्या ५३७ पुरुषांवर झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार-व्यायामाची आठवण देणारे साधे एसएमएस मिळणाऱ्यांपैकी दोन वर्षांत १८ टक्क्यांना मधुमेह झाला, तर न मिळणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना. ते सारे मधुमेह होण्याआधीच्या टप्प्यावर होते, त्यामुळे हा निष्कर्ष आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही. पण त्यासाठी महागडे ॲप लागले नव्हते, हे ध्यानात घ्यावे.

ॲपने संपर्कयादी मागितल्यास ती देऊ नये.

एक सावधगिरी ग्लिमेपिराइडमुळे आवश्यक आहे. कॅलरी कमी दिसाव्यात म्हणून जेवण टाळले आणि वर चालणे वाढवले, तर साखर एकदम उतरू शकते. थरथर, घाम किंवा घाबरे वाटल्यास लगेच ग्लुकोमीटरवर तपासावे. ७० पेक्षा कमी असल्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि असे एकदा जरी झाले, तरी गोळीच्या मात्रेबद्दल डॉक्टरांशी त्याच दिवशी बोलावे.