नवऱ्याला न सांगता मुंबईला जाऊन येऊ का?

फोंड्याहून एका वाचक भगिनीने लिहिलंय: ‘मावशी, बारा वर्षांपूर्वी मुंबईत नोकरीला असताना मी स्तनांत सिलिकॉनचे इम्प्लांट बसवून घेतले. लग्न नंतर झालं, नवऱ्याला आजवर सांगितलेलं नाही. वर्षभरात डावी बाजू दगडासारखी झालीय, दोरीवर कपडे घालताना ओढ बसते, कुशीवर झोपवत नाही. मोबाईलवर वाचलं, की भोवतालच्या आवरणासकट सगळं अखंड काढावं लागतं. माहेरी जाते म्हणून दोन दिवसांत उरकून येऊ का?’

बाय, दोन दिवसांत हे उरकत नाही. पूर्ण भूल देतात, बहुतेकदा काही दिवस जखमेतलं पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी असते, आणि पुढे काही आठवडे भरलेली कळशी उचलायची नसते. घरात हे लपवणार कसं?

आधी त्या दगडाबद्दल. बाहेरची वस्तू आत गेली की शरीर तिच्याभोवती व्रणाच्या पेशींचं आवरण विणतंच. काहींच्यात ते जाड होऊन आवळत जातं, त्याला कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. ‘हौस केली, आता भोग’ असं तू पत्रात स्वतःलाच दोनदा म्हटलंयस. मला ते वाचवलं नाही. तुझ्या हातून काही चुकल्यामुळे हे झालेलं नाही. इम्प्लांट मुळात जन्मभर टिकणारी वस्तूच नाही, पुष्कळजणींना ते कधी ना कधी काढावे किंवा बदलावे लागतात.

बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात प्लास्टिक सर्जरी विभाग आहे, तिथे आधी दाखव. सोनोग्राफी, लागलं तर एमआरआय करून इम्प्लांट आत फुटलंय का ते बघतील. जाताना बारा वर्षांपूर्वीचं इम्प्लांटचं कार्ड शोधून ने, कपाटात साड्यांच्या घडीखाली असेल. त्यावर कंपनी आणि प्रकार लिहिलेला असतो. तो का बघायचा? खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित एका प्रकारचा लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग, होतो. म्हणूनच 2019 मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने बायोसेल प्रकारचे इम्प्लांट जगभरातून मागे घेतले. एकच बाजू अचानक सुजली, आत पाणी झालं, तर मात्र एक दिवसही थांबू नकोस.

आता ‘अखंड’. आवरणासकट एकसंध काढणं खरं गरजेचं असतं ते त्या कर्करोगात. तुझं आवरण जाड झालंय, त्यामुळे ते काढावं लागेलही. पण कधीकधी ते बरगड्यांना इतकं चिकटलेलं असतं, की ओरबाडून काढताना फुप्फुसाच्या आवरणाला इजा व्हायची भीती असते. अशा वेळी थोडा भाग ठेवलेला बरा. किती काढायचं ते सर्जनवर सोड. तू आग्रह धरायचास तो काढलेलं आवरण पॅथॉलॉजीला पाठवण्याचा. नंतर त्वचा सैल पडेल, आकार पूर्वीचा राहणार नाही. त्याबद्दलही आधीच विचार, लाजू नकोस.

आणि नवरा. तुझ्या पत्रात तो कुठे वाईट वागल्याचं दिसत नाही, तू घाबरतेयस ती त्याने ‘फसवलंस’ म्हणण्याला. म्हणेलही, दोन दिवस गप्प बसेल. पण शुद्धीवर येताना उशाशी कोणीतरी आपलं हवं. मुलं झोपल्यावर कार्ड त्याच्या हातात दे आणि म्हण, ‘हे लग्नाआधीचं आहे, आता दुखतंय, मला भीती वाटतेय.’ अगदीच धीर होत नसेल, तर आधी बहिणीला सांगून तिला बांबोळीला सोबत ने.

तारीख मात्र चवथीनंतरची माग. गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधायला हात वर करावे लागतात, आणि तू काही स्वस्थ बसणार नाहीस.