मोटर लोड घेते, ट्रॅक्टर लोड घेते, पोरगं म्हणते लोड घेऊ नका: या ‘लोड’चा नेमका अर्थ काय?

तुमचा प्रश्न असा: मोटर बांधणारा म्हणतो “मोटर लोड घेऊन रायली”, वीजबिलात लोड, ट्रॅक्टरवाल्याच्या तोंडी लोड, घरात कॉलेजचं पोरगं म्हणते “बाबा, लोड नका घेऊ”. शब्दकोशात मात्र ‘ओझे’ एवढंच सापडतं. मग खरं काय?

शब्दकोश खोटा नाही, अपुरा आहे. मराठीत ‘लोड’चा अर्थ त्याच्यापुढे येणारं क्रियापद ठरवतं. लोड करणे म्हणजे भरणे. लोड येणे म्हणजे झेपण्यापलीकडे जाणे. लोड होणे म्हणजे गाडी भरून होणे किंवा मोबाइलवर पान उघडणे. ‘लोड घेणे’ तर नेमकं कोण घेतंय त्यावर चांगलं की वाईट ते ठरतं.

ट्रॅक्टर लोड घेते, ही तारीफ आहे. काळ्या मातीत नांगर खोल बसला तरी इंजिनाचा आवाज बसत नाही, असा त्याचा अर्थ. लोड घेत नसेल तर आवाज बसतो आणि काळा धूर निघतो. डिझेल जास्त जातं, पण ते पूर्ण जळायला हवा पुरत नाही, म्हणून तो धूर. अशा वेळी रेस दाबत बसू नका. खालचा गिअर टाका किंवा नांगर थोडा वर घ्या.

मोटर लोड घेते, ही मात्र तक्रार आहे. मोटर नेमप्लेटवर लिहिल्यापेक्षा जास्त अ‍ॅम्पिअर खेचते, एवढाच त्याचा अर्थ. पाच एचपीची थ्री फेज मोटर ४१५ व्होल्टवर साधारण सात-आठ अ‍ॅम्पिअर घेते. बोअरची सबमर्सिबल थोडी जास्त घेते. नक्की आकडा नेमप्लेटवरच बघा आणि तिन्ही वायरींवर टोंग टेस्टर (वायरीभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजायचं यंत्र) लावून ताडा. तिन्ही आकडे सारखे पण जास्त असतील, तर व्होल्टेज कमी आहे किंवा पंप जड फिरतोय. व्होल्टेज ३५० वर आलं की तीच मोटर नऊच्या आसपास जाते, कारण काम तेवढंच करायचं असतं. तीनपैकी एका वायरीत काहीच नसेल, तर एक फेज गेली आहे. उरलेल्या दोन वायरी जवळपास पावणेदोनपट ओढतात, मोटर घूं घूं करते आणि बंद केली नाही तर वाइंडिंग जळते.

पंप जड फिरण्याचं एक कारण अगदी साधं असतं: ग्लँडची, म्हणजे शाफ्ट पंपातून बाहेर येतो तिथली, पाणी अडवणारी दोरी गच्च आवळलेली असते. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी गळायलाच पाहिजे. तो थेंब बंद केला की दोरी शाफ्टला ब्रेकसारखी धरते.

दुसरं कारण बहुतेकांना उलटं वाटतं. विहिरीवरच्या मोनोब्लॉक पंपावर पाणी उंच चढवताना लोड जास्त आणि सपाटीला कमी, असा समज आहे. सेंट्रिफ्यूगल पंपाचं गणित वेगळं आहे: जितकं पाणी जास्त फेकाल, तितका लोड जास्त. म्हणून पाइप विहिरीजवळच फुटला किंवा जास्त हेडचा, म्हणजे जास्त उंच पाणी चढवायला बनवलेला, पंप कमी उंचीला लावला, तर पाणी धो धो येतं आणि मोटर तापते. अशा वेळी डिलिव्हरीचा, म्हणजे पंपातून पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपचा, वॉल (व्हॉल्व्ह) थोडा आवळा, अ‍ॅम्पिअर उतरताना टोंग टेस्टरवर दिसतील. सुरू करतानाही वॉल थोडा बंद ठेवावा, तो याच कारणाने. पण पूर्ण बंद वॉलवर फार वेळ चालवू नका, आतलं पाणी उकळायला लागतं.

याच्या उलट म्हणजे ‘लोड सुटणे’. बोअरचं पाणी खाली गेलं की पंपाला काम उरत नाही आणि अ‍ॅम्पिअर घसरतात. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले (मोटर ट्रिप करणारा) जास्त करंट ओळखतो, कमी ओळखत नाही. त्यामुळे तो गप्प बसतो आणि मोटर कोरडी चालून खराब होते. त्यासाठी ड्राय रनचं संरक्षण वेगळं लावावं लागतं. रिलेवरची, किती अ‍ॅम्पिअरला ट्रिप व्हायचं ते ठरवणारी चकती कुठे ठेवायची तेही इथेच सांगतो. डीओएल, म्हणजे मोटर थेट लाइनवर सुरू करणाऱ्या स्टार्टरमध्ये ती नेमप्लेटच्या आकड्यावर ठेवा. स्टार-डेल्टा, म्हणजे मोटर आधी कमी करंटवर उठवणाऱ्या स्टार्टरमध्ये रिले मोटरच्या फेजवर बसवलेला असेल, तर त्या आकड्याच्या ५८ टक्क्यांवर. सारखी ट्रिप होते म्हणून चकती शेवटपर्यंत फिरवणं म्हणजे रिले काढून फेकल्यासारखंच आहे.

डीपीवर, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड आला, हा वाक्प्रयोग हरभरा-गव्हाच्या दिवसांत रोज कानावर येतो. हिशोब करून बघा. पाच एचपीची एक मोटर साधारण साडेपाच केव्हीए घेते (केव्हीए हे ट्रान्सफॉर्मरची ताकद मोजायचं माप). म्हणजे ६३ केव्हीएच्या डीपीवर दहा-अकरा मोटरी झाल्या की ती भरली. प्रत्येक मोटरवर चांगला कॅपॅसिटर (लाइनीतून ओढला जाणारा करंट कमी करणारा डबा) असेल तर थोडी जागा मोकळी होते. खरा घात करतो तो ऑटोस्विच. लाइन आली की सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात, आणि थेट सुरू होणारी मोटर उठताना पाच-सहापट करंट मागते. मग फ्यूज उडतो आणि सगळ्यांचंच ओलीत थांबतं. ऑटो ठेवायचाच असेल तर टायमर लावून प्रत्येकाने वेगळी वेळ ठेवावी.

बिलावरचा लोड हा कागदावरचा लोड. मराठी बिलात त्याला ‘मंजूर भार’ म्हणतात. एक एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट, म्हणून पाच एचपी म्हणजे ३.७३ किलोवॅट. ‘जोडभार’ वेगळा. घरातला कूलर, पंखे, इस्त्री, मिक्सर एकदम चालू नसले तरी सगळ्यांची बेरीज म्हणजे जोडभार. तीन एचपी मंजूर आणि विहिरीत पाच एचपीची मोटर असेल, तर भार वाढवून घ्यायचा अर्ज करणं बरं. वाढवतानाही भान ठेवा: २०२४च्या मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेची मर्यादा साडेसात एचपी आहे. लोडशेडिंगमधला लोड हाच, पण अख्ख्या यंत्रणेचा. मराठीत त्याला ‘भारनियमन’ असं सभ्य नाव आहे.

गाडीच्या बाबतीत आपण लोड म्हणतो, पण आरसी बुकावर ‘अनलेडन वेट’ लिहिलेलं असतं, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. पासिंगच्या एकूण वजनातून ते वजा केलं की किती कापूस भरता येईल ते कळतं. हे ‘लेडन’ ‘लेड’ म्हणजे भरणे या क्रियापदातून आलं. ‘लोड’ मुळात वेगळ्या घराण्यातला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता वाट, वाहून नेणं. ‘लीड’ म्हणजे पुढे नेणं, हा त्याचा सोयरा. ‘लेड’च्या संगतीने त्याला ओझ्याचा अर्थ चिकटला.

मोबाइलमधलं लोड होणं हे भरण्याच्याच अर्थातून आलं: माहिती मेमरीत भरणं. सातबारा आपल्याकडे आला की डाउनलोड. ई-पीक पाहणीचा फोटो आपल्याकडून गेला की अपलोड. फोटो काढला म्हणजे अपलोड झाला असं नाही, ही चूक फार होते.

आता पोराचं “लोड नका घेऊ”. इथे लोड म्हणजे टेन्शन. बोलीत ते मोटरसारखंच चालतं: झेपेल त्यापेक्षा जास्त ओढू नका. इंग्रजीत ते शब्दशः सांगायला गेलात तर समोरच्याला काही कळणार नाही. तिथे ‘डोन्ट वरी’च म्हणावं लागेल.

आणि मराठीचा स्वतःचा एक लोड आहेच, बैठकीतला, तक्क्यासोबतचा. त्याचा इंग्रजीशी संबंध नाही. दोघांना वेगळं ओळखायचं असेल तर विभक्ती बघा. पाहुणा लोडाला टेकतो, मोटर लोडला टेकते.