आजीला मरणाची भीती वाटत नाही का?

प्रिय सई,

परवा व्हिडिओ कॉलवर आजीनं तुला पेटीतलं कोरं लुगडं दाखवलं आणि म्हणाली, "हे माह्या शेवटच्या दिवसाचं हाय." तेव्हापासून तू विचारतेयस, आजीला मरणाची भीती वाटत नाही का?

घाबरू नकोस, ती ठणठणीत आहे. आपल्या अमरावतीकडे म्हातारी माणसं अशी तयारी करून ठेवतात. त्या लुगड्याच्या घडीत तुळशीची माळ आहे, शेजारी काशीहून आलेला गंगेचा गडू आणि तेरवीच्या जेवणासाठी वेगळे काढलेले पैसे. आपलं ओझं लेकरांवर पडू नये, ही तिची खरी काळजी.

भीती तिलाही आहे बरं, पण अंथरुणाला खिळण्याची. दिवा लावताना ती रोज एकच मागते, "देवा, चालता-बोलता ने."

संध्याकाळी ती सामुदायिक प्रार्थनेला जाते. तुकडोजी महाराजांनी ही प्रार्थना गावोगावी रुजवली. महाराज १९६८ साली गेले. मोझरीला, त्यांच्या आश्रमात, पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, म्हणजे ते गेले त्या वेळेला, हजारो माणसं मौन धरून उभी राहतात. लहान मुलंसुद्धा. मरण असं चारचौघांत, उजेडात आठवायची आजीला सवय आहे. शिवाय प्रार्थनेला एखादी म्हातारी दिसली नाही, की घरी जाताना कुणीतरी तिच्या दारात डोकावतंच. मला तर वाटतं, आजीला देवाइतकाच या बायांचा आधार आहे.

"मी देव मानला नाही तर?" असंही तू विचारलंस. पॉल विंक या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या वृद्धांचा अभ्यास केला होता, तो २००५ साली छापून आला. त्यात खूप श्रद्धाळू माणसं आणि फारशी श्रद्धा नसलेली माणसं, दोन्ही मरणाला कमी भीत होती. जास्त भीती अधल्यामधल्यांना होती. मनात एक आणि वागण्यात दुसरं असलं की जीव टांगणीला लागतो. आजीच्या शेजारचे काका कधी देवळात जात नाहीत, तेही निवांत असतात. तेव्हा भीतीपोटी देव मानायची गरज नाही. मानलास तर मनापासून मान.

आता आजी पुन्हा पेटी उघडेल तेव्हा विषय बदलू नकोस. लुगडं कुठून घेतलं, रंग कुणी निवडला, विचार तिला. फक्त आपल्या इथल्या सकाळी फोन लावू नकोस, तेव्हा तिच्याकडे संध्याकाळ, म्हणजे प्रार्थनेची वेळ असते.

तुझे बाबा