सूर विचारा : चर्चचा ऑर्गन, बडवलेले पत्रे आणि जर्मन गिटारी

प्रश्न : मुलगा श्टुटगार्टला नोकरीला आहे. तिकडचे नवे अल्बम ऐकून लिंक पाठवत असतो. परवा त्याने ब्रुकनर या ऑस्ट्रियन संगीतकाराची, मूळची ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली सिंफनी चक्क ऑर्गनवर वाजवलेली पाठवली. आमचे वडील नाटक कंपनीत ऑर्गनची साथ करायचे, पण हा आवाज काही ओळखीचा वाटेना. हा ऑर्गन वेगळा का? आमच्यासारख्यांनी यात काय ऐकायचं?
– एक वाचक, सांगली

वेगळाच. वडील वाजवायचे तो ऑर्गन माझ्याकडे दुरुस्तीला येतो त्या जातीचा. आत पितळी सूर, खाली पायाने मारायचा भाता. हवा सुरातून जाते आणि पितळेची जीभ थरथरते. काल एक उघडला, तर कोमल गंधाराच्या सुरात झुरळाचा पाय अडकलेला. चिमट्याने काढला, गंधार बोलू लागला. चर्चच्या ऑर्गनला चिमटा पुरत नाही, शिडी लागते. तिथे कथील-शिशाच्या नाहीतर लाकडाच्या नळ्या रांगेने उभ्या असतात आणि बहुतेक नळ्या बासरीसारख्या फुंकीवर बोलतात. मोठ्या ऑर्गनमधली खर्जाची नळी ३२ फुटी. तिची कंपनं सेकंदाला जेमतेम १६, म्हणजे तो सूर कानापेक्षा बसलेल्या बाकाला जास्त कळतो. मोबाइलच्या स्पीकरवर तो मुळी येतच नाही. तेव्हा आधी बरे हेडफोन लावा आणि मग नावं ठेवा.

मुलाने पाठवलेलं रेकॉर्डिंग बहुधा जर्मन ऑर्गनवादक हान्सयोर्ग आल्ब्रेख्टचं असावं. हा फ्रायबर्गचा. तिथल्या कॅथीड्रलमध्ये झिल्बरमानने बांधलेला १७१४चा ऑर्गन आहे, त्यामुळे हे वेड कुठून आलं ते विचारायला नको. ब्रुकनरच्या जन्माला २०२४मध्ये २०० वर्षं झाली. त्या निमित्ताने आल्ब्रेख्टने त्याच्या सिंफन्या वेगवेगळ्या ठिकाणच्या ऑर्गनवर वाजवून अल्बमची मालिकाच काढली. ब्रुकनर स्वतः ऑर्गनवाला. ऑर्केस्ट्रासाठी लिहितानासुद्धा तो, आवाज बदलायला ऑर्गनची खुंटी ओढावी तसा, वाद्यांचा अख्खा गट एकदम बदलतो. त्यामुळे ही उचलेगिरी वाटत नाही, घरी परत आल्यासारखी वाटते. सातव्या सिंफनीच्या संथ भागापासून सुरुवात करा. माझी तक्रार एकच. व्हायोलिनची जी बारीक थरथर ब्रुकनर पार्श्वभूमीला ठेवतो, ती ऑर्गनवर येत नाही. जोरकस जागा घुमटात फिरून एकमेकींवर आदळतात आणि नुसता गलबला होतो.

स्वच्छ ऐकायचं असेल तर योर्ग हालुबेक. बाखच्या सगळ्या ऑर्गनरचना जुन्या, ऐतिहासिक ऑर्गनवर वाजवायचं काम त्याने हाती घेतलंय. प्रत्येक वाद्याचा स्वभाव निराळा. पेटीवाल्याला हे सांगायला नको. एकाच कारागिराच्या दोन पेट्याही सारख्या बोलत नाहीत.

आणि वडिलांच्या ऑर्गनचा खरा सोयरा हवा असेल तर ड्युसेलडॉर्फचा फोल्कर बेर्टेलमान, म्हणजे हाउश्का, ऐका. ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या सिनेमाच्या संगीतासाठी त्याला २०२३मध्ये ऑस्कर मिळालं. त्यातले ते तीन दणदणीत सूर त्याच्या पणजीच्या हार्मोनियमचे आहेत. दुरुस्त करून, आवाज फुगवून वापरलेले. त्याच वर्षी आलेला त्याचा ‘फिलांथ्रॉपी’ मवाळ आहे, संध्याकाळी लावावा असा. पणजीची पेटी मात्र सिनेमातच ऐकायची. दुरुस्त करणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही, पण ते आमच्या धंद्यात नेहमीचंच.

प्रश्न : जर्मन रॉक म्हणजे फक्त स्कॉर्पियन्स आणि रामश्टाइन का? नवीन काही सुचवा ना.
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक

स्कॉर्पियन्सना हसू नकोस. १९६५पासून हानोफरची ही मंडळी वाजवतायत आणि २०२२चा ‘रॉक बिलीव्हर’ त्यांच्या वयाला शोभण्यापेक्षा बराच तरतरीत आहे. अ‍ॅक्सेप्टचा ‘ह्युमनॉइड’ (२०२४) ठीक. एकदा ऐकलास की झालं. हॅलोवीनचा ‘जायंट्स अँड मॉन्स्टर्स’ (२०२५) मात्र मोठ्याने लाव, शेजारी नसताना. त्यात जुने-नवे मिळून तीन गायक गातात आणि कुणी कुणाच्या पायात येत नाही. आपल्याकडच्या जुगलबंदीवाल्यांनी जरूर ऐकावा.

गाणी जर्मनमध्येच हवी असतील तर टोकोट्रॉनिकचा ‘गोल्डन इयर्स’ (२०२५). नावावर जाऊ नकोस, शब्द जर्मनच आहेत. आणि ‘नवीन’मध्ये जुनंही धरत असशील तर कॅन. या कोलोनच्या बँडच्या सत्तरीच्या दशकातल्या मैफली २०२१पासून एकेक करून बाहेर येतायत. १९७३ची पॅरिसची मैफल फेब्रुवारी २०२४मध्ये आली आणि त्याच महिन्यात तिच्यातला गायक दामो सुझुकी वारला. म्युनिकच्या रस्त्यावर गाताना दिसला म्हणून बँडने उचललेला हा जपानी पोरगा. तो काय गातो ते कुणालाच धड कळत नाही आणि कुणाचं त्यावाचून अडतही नाही.

प्रश्न : तुम्ही मागे एका बर्लिनच्या बँडची स्तुती केली होती. ऐकला. पत्रे बडवतात, स्प्रिंगा खाजवतात. हे संगीत का म्हणायचं?
– निवृत्त शिक्षिका, बेळगाव

बाई, तुम्ही त्यांचा ‘कोलाप्स’ ऐकलात ना? १९८१चा. तो मलाही जेवणानंतर झेपत नाही. हा बँड, आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन, १९८०मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये सुरू झाला. खिसा रिकामा आणि भंगार मुबलक, असा तो काळ. आता तेच लोक म्हातारे झालेत आणि पत्र्यातून काय निघतं ते त्यांना नेमकं ठाऊक झालंय. ‘राम्पेन’ (२०२४) ऐका. २०२२च्या दौऱ्यात त्यांनी रंगमंचावर आयत्या वेळी जे सुचेल ते वाजवलं, ते घेऊन नंतर स्टुडिओत त्याची गाणी केली. त्यातला गायक ब्लिक्सा बार्गेल्ड ओरडत नाही, जवळजवळ कुजबुजतो, आणि मागे लोखंड टाळासारखं मोजून पडतं. ताल आधी ऐका. तो सापडला की खरखर त्रास देत नाही. नाहीच सापडला, तर आल्व्हा नोटो या जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीतकाराचा ‘झेरॉक्स’ मालिकेतला पाचवा आणि शेवटचा भाग (२०२४) लावा. तिथे खरखर आहे, पण दुपारच्या पंख्यासारखी.

प्रश्न : जर्मनीत ऑर्गनवर एकच रचना शेकडो वर्षं वाजणार आहे म्हणे. तिचा अल्बम मिळेल का?
– एक वाचक, ठाणे

हाल्बरश्टाटच्या बुर्खार्डी चर्चमध्ये. रचना अमेरिकन संगीतकार जॉन केजची, ऑर्गन खास त्यासाठी बांधलेला, अवधी ६३९ वर्षं. ५ सप्टेंबर २००१ला सुरू झाली. सुरुवातीलाच विराम होता, त्यामुळे पहिला सूर उमटायला ५ फेब्रुवारी २००३ उजाडला. तोवर नुसता भाता चालू. सूर बदलतो त्या दिवशी लोक तिकडे धावतात. यानंतरचा बदल ५ ऑगस्ट २०२६चा. संपेल २६४०मध्ये. पूर्ण अल्बमची नोंदणी आमच्याकडे होत नाही.